छोट्या जहाजाने एक्स्पिडिशनला जायचंय? मग बुकिंगच्या आधी हे वाचा

एक्स्पिडिशन क्रूझबद्दल विचारणारे बहुतेक जण सुरुवात केबिनपासून करतात, बाल्कनी घेऊ का, की खिडकी पुरे. माझं सरळ मत आहे की केबिन सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते जहाजावर माणसं किती, सोबत गाईड कोण आणि दिवसातून किती वेळ तुमचे पाय जमिनीवर असणार. या तीन गोष्टी बरोबर निवडल्या तर छोट्याशा केबिनमध्येही ट्रिप भारी होते, आणि चुकल्या तर बाल्कनीत बसून लांबून बर्फ बघत बसावं लागतं.

हा प्रकार नेमका काय, तेही सांगून टाकते. १९६६ मध्ये टूर चालवणाऱ्या लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी साध्या पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेलं आणि १९६९ मध्ये खास याच कामासाठी एक छोटं जहाज बांधून घेतलं. पद्धत अजून तीच आहे. जहाज फक्त राहायला, सोबत पक्षी, देवमासे, बर्फ, इतिहास यातले जाणकार, आणि रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरायचं. या रबरी बोटींना सगळे झोडियाक म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

१. आधी प्रदेश, मग महिना

नवीन माणसाने तीनपैकी एक निवडावं असं मला वाटतं: अंटार्क्टिक द्वीपकल्प, गॅलापागोस (प्रशांत महासागरातली इक्वेडोरची बेटं) नाहीतर स्वालबार्ड (आर्क्टिकमधली नॉर्वेची बेटं). बाकीचं नंतर आहेच.

अंटार्क्टिकाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ कोराकरकरीत असतो आणि पेंग्विन घरट्यासाठी एकमेकांचे दगड चोरत असतात, हा तमाशा तासभर बघितला तरी पोट भरत नाही. डिसेंबरअखेर ते जानेवारी पिल्लांचे दिवस. फेब्रुवारी-मार्चला देवमासे सगळ्यात जास्त, पण तोवर वसाहतींमध्ये चिखल आणि वास दोन्ही जोरात असतात, नाक नाजूक असेल तर आत्ताच सांगून ठेवते. बहुतेक जहाजं अर्जेंटिनातल्या उशुआइयाहून सुटतात आणि दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला खवळलेला समुद्र, म्हणजे ड्रेक पॅसेज, ओलांडायला जाताना साधारण दोन दिवस, येताना दोन दिवस जातात. चिलीतल्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटापर्यंत विमानाने जायचा पर्यायही आहे, समुद्र वाचतो, पण धुकं आलं की विमान उडत नाही आणि तुमचे दिवस विमानतळाच्या गावात जातात.

गॅलापागोस वर्षभर चालतं. जानेवारी ते मे पाणी कोमट आणि समुद्र शांत, जून ते नोव्हेंबर थंड प्रवाहामुळे पाणी गार पण माशांची चंगळ. ज्यांना वेव्ह्ड अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी बघायचाय त्यांनी एप्रिल ते डिसेंबरमध्ये जावं आणि रूटमध्ये एस्पान्योला बेट आहे ना ते तपासावं. हे तपासणं फार महत्त्वाचं, कारण तिथल्या नियमाप्रमाणे एकच जहाज १४ दिवसांच्या आत त्याच जागी परत जाऊ शकत नाही, म्हणून एकाच जहाजाचे दोन वेगवेगळे रूट असतात. नाव तेच, जहाज तेच, पण या आठवड्यात पूर्वेकडची बेटं आणि पुढच्या आठवड्यात पश्चिमेकडची. न उडणारा कॉर्मोरंट (पाणकावळा) फक्त पश्चिमेला, फर्नांदिना आणि इसाबेलावर. तारीख निवडताय म्हणजे खरं तर रूट निवडताय.

स्वालबार्ड मे ते सप्टेंबर, लाँगयिअरब्येनहून. ध्रुवीय अस्वल बघायची इच्छा असेल तर इथे या, पण पुढचा नियम वाचून या: अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब राहायचं, आणि १ मार्च ते ३० जून हे अंतर ५०० मीटर. म्हणजे दुर्बीण आणि लांब लेन्स लागणारच. फोनच्या कॅमेऱ्यात अस्वल म्हणजे बर्फावर पिवळट ठिपका.

२. जहाजावर माणसं किती: हाच खरा आकडा

इथे जरा थांबून वाचा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

अंटार्क्टिकाला माणसं नेणाऱ्या कंपन्यांची आयाटो नावाची संघटना आहे, १९९१ मध्ये सात कंपन्यांनी मिळून सुरू केलेली. तिचे काही नियम असे आहेत: एका जागी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी उतरणार, एका जागी एका वेळी एकच जहाज, दर २० प्रवाशांमागे किमान एक गाईड, आणि ज्या जहाजावर ५०० पेक्षा जास्त प्रवासी आहेत त्यावरून कोणालाच उतरवायचं नाही.

आता हिशोब करा. जहाजावर ९५ प्रवासी असतील तर सगळे एकदम उतरतात आणि ठरलेला पूर्ण वेळ तुमचा. १९० असतील तर निम्मे किनाऱ्यावर, निम्मे झोडियाकमधून हिमनगांभोवती फिरतायत, मग अदलाबदल, हेही चालतं, खरं तर छान चालतं कारण झोडियाकची फेरी स्वतःच एक मजा आहे. पण ४०० असतील तर चार गट, आणि तुमची पाळी येईपर्यंत तुम्ही लाउंजमध्ये लाइफजॅकेट घालून बसलेले. आणि ६०० वाल्या जहाजाच्या जाहिरातीतही पेंग्विनचे तेच फोटो असतात! जाहिरातीत 'अंटार्क्टिका दर्शन' किंवा 'सीनिक क्रूझिंग' असे शब्द दिसले की समजा, उतरणं नाही.

गॅलापागोसमध्ये कमाल मर्यादाच १०० प्रवाशांची आहे आणि बरीचशी जहाजं १६ जणांची असतात, कारण एका गाईडमागे १६ च माणसं चालतात, मग एक गाईड आणि एक गट असं सुटसुटीत जमतं. अशी छोटी बोट जास्त हलते हे मात्र धरून चाला. स्वालबार्डला १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित भागात २०० पेक्षा जास्त प्रवाशांचं जहाज नेता येत नाही आणि त्या भागात उतरायला ४३ च जागा ठरवून दिल्यात. जुने ब्लॉग आणि जुने व्हिडिओ बघून प्लॅन करणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, त्यातल्या कित्येक जागांवर आता कोणी उतरतच नाही.

दुसरी गोष्ट जहाजाच्या बांधणीची. ध्रुवीय भागासाठी 'आइस क्लास', म्हणजे बर्फात चालण्याइतकं जहाज किती मजबूत आहे याचा दर्जा, काय आहे ते विचारा. लिंडब्लाड यांच्या त्या १९६९ च्या जहाजाचं नंतर नाव बदललं, मालक बदलले, आणि नोव्हेंबर २००७ मध्ये साउथ शेटलंड बेटांजवळ बर्फाने खालून फाटून ते बुडालं. वरची सगळी १५४ माणसं वाचली, कारण हवा शांत होती आणि दुसरं जहाज वेळेत पोचलं. घाबरवायला सांगत नाहीये. पहिल्या दिवशी लाइफबोटचा ड्रिल होतो तेव्हा लोक मागे उभं राहून सेल्फी काढतात, तेव्हा मला हेच जहाज आठवतं. २०१७ पासून ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांसाठी पोलर कोड ही आंतरराष्ट्रीय नियमावली लागू आहे आणि परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, तरी ड्रिल नीट ऐका.

३. गाईडची टीम बघा, 'तज्ज्ञ' हा शब्द नको

प्रत्येक वेबसाईटवर 'जागतिक दर्जाचे तज्ज्ञ' असतात. ऑपरेटरला मेल करून विचारा की माझ्या तारखेच्या ट्रिपवर कोण कोण आहे. नावं अजून ठरली नसतील तर निदान किती जण आणि कोणत्या विषयाचे एवढं तरी सांगता आलं पाहिजे. चांगल्या टीममध्ये एक पक्ष्यांवाला, एक समुद्री सस्तन प्राण्यांचा, एक भूगर्भ किंवा हिमनद्यांचा आणि एक इतिहासाचा माणूस असतो, वर फोटोग्राफी शिकवणारा असला तर बोनस. त्या सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे एक्स्पिडिशन लीडर, आणि ट्रिपचा कणा तोच. कुठे उतरायचं, कधी परत फिरायचं हे तो कॅप्टनशी बोलून ठरवतो, त्यामुळे त्याने तिथे किती हंगाम काढलेत हे विचारण्यात काही वावगं नाही.

गॅलापागोसमध्ये नॅशनल पार्कने प्रमाणित केलेला गाईड कायद्यानेच लागतो, त्याच्याशिवाय जहाजावरून बेटांवर उतरता येत नाही. तिथे विचारायचं ते भाषेबद्दल, गाईडचं इंग्रजी कितपत आहे, कारण दिवसभर तोच बोलणार.

आणि तिकडे गेल्यावर या लोकांना वापरा! जेवताना त्यांच्या टेबलावर जाऊन बसा. रात्री रोज 'रीकॅप' नावाचा अर्धा-पाऊण तासाचा कार्यक्रम असतो, आज काय दिसलं आणि उद्या काय, बरेच जण दमून टाळतात, पण पुढच्या दिवशी तुम्ही काय बघताय ते तिथेच कळतं.

४. 'आम्ही निसर्ग वाचवतो' असं म्हणाले तर पुढचे प्रश्न

इथे जरा कडक व्हा. इतक्या लांब विमानाने जायचं, वर जहाजाचं इंधन, त्यामुळे ही ट्रिप पर्यावरणासाठी हलकी नाहीच आणि कोणी तसं भासवत असेल तर तो तुम्हाला गुंडाळतोय. पण काही कंपन्यांचा उपयोग खरंच होतो, तो ओळखायचा कसा?

एक तर संघटनेचं सदस्यत्व, अंटार्क्टिकासाठी आयाटो आणि आर्क्टिकसाठी एको. सदस्यांची यादी संघटनेच्या साईटवर असते, कंपनीच्या साईटवरच्या लोगोवर विसंबू नका. मग विचारा की पैसे नेमके कोणत्या कामाला जातात. 'महासागर वाचवा निधी' असं गोलमोल उत्तर आलं तर सोडून द्या. उत्तरात संस्थेचं नाव, बेटाचं नाव आणि कामाचं नाव तिन्ही पाहिजेत.

कारण नेमकं काम कसं दिसतं याचे नमुने आहेत ना. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर देवमासे आणि सील मारणाऱ्या जहाजांबरोबर उंदीर पोचले होते आणि जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊन त्यांनी धुमाकूळ घातला होता. साउथ जॉर्जिया हेरिटेज ट्रस्टने २०११ पासून हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकून टप्प्याटप्प्याने ते संपवले आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. तिथे जाणाऱ्या जहाजांवर या कामासाठी वर्गण्या गोळा व्हायच्या. साउथ जॉर्जिया पिपिट हा चिमुकला पक्षी आता किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या गाताना ऐकू येतो. गॅलापागोसच्या एस्पान्योलावर तर कासवं उरली होती फक्त १४, त्यात १२ माद्या आणि २ नर. त्यांना प्रजनन केंद्रात आणलं, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा तिसरा नर आणला, पिल्लं वाढवून बेटावर सोडत राहिले, आणि २०२० मध्ये काम फत्ते झालं म्हणून त्या म्हाताऱ्या १५ कासवांनाही घरी नेऊन सोडलं. असं काम चालू असलेल्या ठिकाणी कंपनी मदत करते का, एवढाच प्रश्न.

इंधनाचंही विचारा. अंटार्क्टिकाच्या पाण्यात जड फर्नेस ऑईल २०११ पासून बंद आहे, त्यामुळे 'आम्ही जड इंधन वापरत नाही' ही तिथे काही फुशारकी नव्हे, तो नियम आहे. देवमाशांच्या पट्ट्यात जहाजाचा वेग किती ठेवता, सांडपाण्याचं काय करता, जहाजावर बाटलीबंद पाणी देता का, हे विचारा. उत्तर किती पटकन आणि किती नेमकं येतं यावरून अंदाज येतोच.

५. कागदपत्रं

- पासपोर्ट, परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने चालणारा आणि कोरी पानं असलेला.
- व्हिसा. अंटार्क्टिकाला स्वतःचा व्हिसा नाही, पण ज्या देशातून जहाज सुटतं त्याचा लागू शकतो, आणि तुम्ही त्या देशातून बाहेर पडून परत आत येणार असता, त्यामुळे एंट्री किती वेळा चालेल ते बघा. स्वालबार्डची गंमत वेगळीच: ते नॉर्वेचं आहे पण शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटात, नाही. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांनी डबल किंवा मल्टिपल एंट्री घ्यायची, नाहीतर परत येताना ऑस्लोला अडकाल.
- अंटार्क्टिकाची परवानगी ऑपरेटर काढतो, तुम्ही नाही. पण 'परवानगी कोणत्या देशाकडून' हे विचारून ठेवा.
- गॅलापागोससाठी टीसीटी नावाचं ट्रान्झिट कार्ड, कितो किंवा ग्वायाकिलच्या विमानतळावर विमानात बसायच्या आधी घ्यायचं. शिवाय पार्कची एंट्री फी, ऑगस्ट २०२४ पासून बहुतेक परदेशी प्रौढांना २०० डॉलर. बऱ्याच पॅकेजमध्ये ही फी धरलेली नसते.
- मेडिकल फॉर्म, डॉक्टरच्या सहीचा. खरं लिहा. जहाजावर डॉक्टर असतो पण ऑपरेशन थिएटर नसतं, आणि तुमच्या एकाच्या आजारपणामुळे सगळं जहाज परत फिरवायची वेळ येऊ शकते.
- इन्शुरन्स, आपत्कालीन स्थलांतरासहित. ऑपरेटर किमान रक्कम लिहून देतो. पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा, त्यात ध्रुवीय प्रदेश, जुने आजार किंवा वयाची अट लपलेली असते. साधी ट्रॅव्हल पॉलिसी इथे पुरत नाही.

पैशांचं थोडक्यात: एकटे जाणार असाल तर पूर्ण केबिनचे जादा पैसे लागतात, पण 'शेअर्ड केबिन' मागितली तर कंपनी जोडीदार शोधून देते. बूट, पार्का (टोपीवालं जाड जॅकेट), कयाक, टीप यातलं काय धरलंय ते लेखी घ्या. कॅन्सलेशनच्या तारखा कॅलेंडरमध्ये टाका.

आणि जहाज सुटायच्या दिवशी पोचणारं विमान घेऊ नका, प्लीज. दोन दिवस आधी पोचा. बॅग मागे राहिली तर ती तुमच्यामागून जहाजावर येणार नाही.

६. सामान

थंड प्रदेशासाठी: अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, मधे फ्लीस, वर वॉटरप्रूफ. कॉटन नको, भिजलं की वाळत नाही. पार्का बऱ्याचदा कंपनी देते, उंच रबरी बूट उधार मिळतात, म्हणून आधी विचारा आणि मग खरेदी करा. वॉटरप्रूफ पँट मात्र स्वतःची आणि चांगली, कारण झोडियाकमध्ये तुम्ही ओल्या रबरावर बसता. ही पँट बुटाच्या बाहेरून घालायची, आत खोचली तर लाटेचं पाणी थेट बुटात. हातमोज्यांचे दोन जोड, पातळ आत आणि जाड वर. गॉगल आणि सनस्क्रीन, बर्फावरून ऊन दुप्पट लागतं.

गॅलापागोससाठी हलके कपडे, ओल्यात चालतील अशा सँडल, लांब बाह्यांचा स्विमशर्ट, टोपी. वेटसूट आणि स्नॉर्कल जहाजावर मिळतं का ते विचारा.

दोन्हीकडे ड्राय बॅग. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. बाहेरून आत येताना कॅमेरा बॅगेतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते. ड्रोन घरीच. तिन्ही ठिकाणी हौशी ड्रोनवर बंदी किंवा कडक निर्बंध आहेत आणि जहाजावर कोणीच उडवू देत नाही.

७. बायोसिक्युरिटी (बाहेरच्या बिया-जंतू तिथे जाऊ न देणं): एका गवताच्या बीची किंमत

उतरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना मडरूममध्ये, म्हणजे बूट-जॅकेट ठेवायच्या खोलीत, बोलावतात. तुमची बॅग, जॅकेट, कॅमेऱ्याचा पट्टा, ट्रायपॉड, सगळं टेबलावर. खिसे उलटे करायचे, व्हॅक्यूम फिरवायचा, आणि मग खरं काम वेल्क्रोचं. वेल्क्रोच्या आकड्यांमध्ये धागे, केस, माती आणि बिया अशा काही रुतून बसतात की चिमटा किंवा वाकवलेली पेपरक्लिप घेऊन एकेक ओढून काढावी लागते. एकीच्या जुन्या ट्रेकिंग बॅगेच्या पट्ट्यातून आमच्या वनस्पतीवाल्या गाईडने तांदळाच्या कणीएवढी एक बी काढली, तळहातावर ठेवली, आणि दहा मिनिटं ती सगळ्यांना दाखवत बसली. तिचं म्हणणं रास्त होतं. पोआ अॅनुआ नावाचं साधं गवत, जे जगभर अंगणात उगवतं, ते किंग जॉर्ज बेटावर पोलंडच्या संशोधन केंद्राच्या आसपास जाऊन रुजलंय आणि ते उपटून काढायला शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं खपावं लागलं.

म्हणून घरूनच साफ करून न्या. जुनी ट्रेकिंगची बॅग, बूट, काठ्या आदल्या आठवड्यात ब्रशने घासून धुवा, वेल्क्रो तपासा. शक्य असेल तर वेल्क्रो नसलेलं सामानच घ्या. जहाजावर चढता-उतरताना बूट दर वेळी जंतुनाशकात बुडवायचे, तळव्यातली पेंग्विनची विष्ठा ब्रशने काढायची, हे सगळं थंडीत, रांगेत. कंटाळा येतो पण करायचंच.

बर्ड फ्लूमुळे अजून एक नियम आलाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो साउथ जॉर्जियाला पोचला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर सापडला. त्यामुळे आता किनाऱ्यावर बसायचं नाही, गुडघे टेकायचे नाहीत, आडवं व्हायचं नाही, बॅगही खाली ठेवायची नाही. जमिनीला लागणार फक्त बूट. जमिनीलगत झोपून पेंग्विनच्या डोळ्यांच्या पातळीवर फोटो काढायचा तुमचा विचार असेल तर तो सोडा.

गॅलापागोसलाही विमानात चढण्याआधी बॅगा तपासतात, फळं-बिया-माती काही चालत नाही.

८. बोट लागणं

लागणार नाही असं धरून चालू नका. गोळी घ्यायची ती लाटा सुरू व्हायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कानामागे लावायचा पॅचही असतो, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना तो चालत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरला विचारूनच, आणि जमलं तर घरी एकदा लावून बघा. केबिन घेताना (आलो बुवा एकदाचे केबिनवर) खालच्या मजल्यावरची आणि जहाजाच्या मध्यावरची घ्या, ती सगळ्यात कमी हलते आणि नशिबाने स्वस्तही असते. वरची बाल्कनीवाली सगळ्यात जास्त झुलते.

चालताना एक हात कायम रेलिंगला. आणि दाराच्या चौकटीला बोटं लावू नका! जहाज कलंडलं की जड दार धाडकन मिटतं.

९. झोडियाक आणि किनारा

झोडियाकमध्ये चढताना हात मोकळे ठेवा, कॅमेरा बॅगेत, बॅग पाठीवर. खलाशी हात पुढे करतो तेव्हा पंजा धरायचा नाही, त्याच्या कोपराखालचा भाग मनगटाजवळ घट्ट पकडायचा आणि त्याला तुमचा पकडू द्यायचा. ओला मोजा निसटतो, पण अशी पकड सुटत नाही. मग काठावर पाय, तिथून आतल्या पायरीवर पाय, बसा, आणि बसूनच सरका. चालवणाऱ्याला विचारल्याशिवाय उभं राहायचं नाही. किनाऱ्यावर 'वेट लँडिंग', म्हणजे उथळ पाण्यात उतरणं, असेल तर पुढे सरकत जायचं, पाय मागच्या बाजूला फिरवून पाण्यात उतरायचं, आणि लाटेकडे लक्ष ठेवायचं.

जहाजावरून निघताना आणि परतल्यावर कार्ड स्वाइप करायचं किंवा बोर्डावरचा तुमच्या नंबरचा टॅग उलटा करायचा असतो. परत आल्यावर विसरलात तर तुम्ही किनाऱ्यावरच राहिलात असं समजून शोधाशोध सुरू होते.

अंतरं: अंटार्क्टिकात पेंग्विनपासून ५ मीटर, फर सीलपासून १५ मीटर, गॅलापागोसमध्ये कुठल्याही प्राण्यापासून २ मीटर. प्राणी आपणहून जवळ आला तर हलू नका, त्याचं तो जाईल. पेंग्विनच्या येण्याजाण्याच्या वाटा बर्फात खोल दिसतात, त्यात पाय ठेवायचा नाही आणि वाट ओलांडताना आधी त्यांना जाऊ द्यायचं. बर्फात तुमचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर ते भगदाड बर्फाने बुजवून मगच पुढे जायचं, कारण आखूड पायांचा पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. खाणं किनाऱ्यावर न्यायचं नाही, दगड-पीस-शिंपला काही उचलायचं नाही, आणि बाथरूम जहाजावरच उरकून निघायचं, खाली सोय नाही आणि आडोसाही नाही.

१०. हाताला काम: सिटिझन सायन्स (सामान्य माणसांनी शास्त्रज्ञांना केलेली मदत)

जहाज घेण्याआधी विचारा की प्रवाशांना कोणत्या शास्त्रीय कामात घेता. हंपबॅक देवमाशाच्या शेपटीची खालची बाजू प्रत्येकाची वेगळी असते, बोटाच्या ठशासारखी, आणि तिचे फोटो हॅपीव्हेल या वेबसाईटवर टाकले की तो कोणता देवमासा आणि आधी कुठे दिसला होता ते कळतं. पक्ष्यांच्या नोंदी ईबर्ड या वेबसाईटवर जातात. फ्योर्डफायटो नावाच्या प्रकल्पात प्रवासी झोडियाकमधून पाण्याचे नमुने घेतात, त्यातल्या सूक्ष्म वनस्पती अभ्यासायला. एक छोटीशी गोष्ट: कॅमेऱ्याची तारीख आणि वेळ जहाजाच्या वेळेशी पहिल्याच दिवशी जुळवा. फोटो कितीही चांगला असला तरी वेळ आणि जागा कळली नाही तर त्यांच्या कामाचा नाही.

११. प्लॅन बदलणारच

छापील रूटवर जागांची नावं असतात पण ती हमी नव्हे. वारा फिरला, खाडीत बर्फ भरला की लीडर दुसऱ्याच जागी नेतो. अंटार्क्टिकातलं पोर्ट लॉकरॉयचं पोस्ट ऑफिस बघायचं म्हणून आलात आणि तिथे उतरताच आलं नाही, हे होतं. बुकिंगच्या अटींमध्ये हे लिहिलेलं असतं, त्यासाठी पैसे परत मागून काही होत नाही. एकच ठिकाण डोक्यात घेऊन जाणारे हमखास चिडतात, आणि चिडलेला माणूस छोट्या जहाजावर सगळ्यांना दिसतो.

निघायच्या आदल्या आठवड्यात

- पासपोर्ट, व्हिसा, इन्शुरन्सच्या प्रती फोनमध्ये आणि कागदावरही, समुद्रात नेट मिळेलच असं नाही.
- नेहमीची औषधं ट्रिपपेक्षा आठवडाभर जास्त, हातातल्या बॅगेत. जहाजावर मेडिकलचं दुकान नसतं.
- चष्म्याची जादा जोडी.
- वॉटरप्रूफ पँट, हातमोजे आणि एक दिवसाचे गरम कपडे हातातल्या बॅगेत, मोठी बॅग हरवली तरी उतरता येईल.
- बूट-बॅग-वेल्क्रो साफ.
- रबरी बुटाचा साईज ऑपरेटरला कळवलाय का ते बघा, जाड मोजे धरून एक नंबर मोठा.
- टीप रोख द्यायची की कार्डवर चालते, हे ऑपरेटरला विचारून घ्या.
- घरच्यांना जहाजाचं नाव, ऑपरेटरचा इमर्जन्सी नंबर, आणि दोन-तीन दिवस मेसेज आला नाही तरी घाबरू नका असं सांगून ठेवा.